आतून कातडं लावलेली बेडी

मुलीने चष्मा नाकावर सरकवला, घसा खाकरला आणि हातातला कागद वाचायला घेतला.

"‘आतून कातडे लावलेली बेडी. याच तुरुंगातल्या एका दयाळू लोहाराने ती तयार केली. तिच्यामुळे कैद्यांच्या घोट्यांना होणाऱ्या जखमा कायमच्या थांबल्या.’ कसं वाटतंय, बाबा? ‘दयाळू’ पुरे, की ‘कनवाळू’ टाकू?"

लोहाराने एक मोजा पायात चढवला होता, दुसरा हातात होता. तो हातातल्या मोज्याकडेच बघत राहिला. "बघ तुझं तू," एवढंच म्हणाला.

मुलगी हसली. बाबांना स्वतःचं कौतुक ऐकवत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, गावात तिच्या शब्दाला वजन. जुना तुरुंग बंद पडून तिथे संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा समितीत तिचं नाव आपसूकच आलं. समितीत सात माणसं होती, त्यातली सहा सह्या करणारी आणि एक लिहिणारी, असं ती स्वतःच म्हणायची. उद्घाटनाला आठ दिवस उरले होते. फटके मारायची तिकाटी, अंधारकोठडीचं दार, कैद्यांच्या गळ्यातले पत्र्याचे बिल्ले, सगळं काचेआड मांडून झालं होतं. एकट्या बेडीला काच नव्हती. लोकांनी हात लावून कातड्याचा मऊपणा बघावा, ही कल्पना मुलीची. आधीच्या खोल्यांमधून एवढं सगळं बघून आल्यावर शेवटच्या खोलीत माणसाला जरा बरं वाटावं, असं तिचं म्हणणं होतं.

अडतीस वर्षं लोहाराचं मन त्याला खात होतं, पण निदान गुपचूप खात होतं. आता तेच पाप कागदावर सुवाच्य अक्षरात येणार होतं, तेही दया म्हणून. आठ दिवसांत खरं सांगून टाकायचं, नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी नवा सदरा घालून दयाळू माणूस म्हणून तिथे बसायचं. मधली वाट नव्हती. आणि खरं सांगायचं तर ते सगळ्यात आधी या मुलीलाच सांगावं लागणार होतं.

लोहार तुरुंगात होता तो पगारी नोकर म्हणून. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मुलगी लहानपणी "माझे बाबा तुरुंगात असतात" असं वर्गात छाती काढून सांगायची आणि नवीन बाईंचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

बाविसाव्या वर्षी तो तिथे लागला. मागच्या अंगणात पत्र्याची शेड, एक भट्टी, एक ऐरण आणि एक म्हातारा वस्ताद. दारांच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, स्वयंपाकघरातली फुटकी पातेली, असली कामं रोजची. आणि बेड्या. पळून जायचा प्रयत्न केलेल्या किंवा पहारेकऱ्यावर हात टाकलेल्या कैद्याला ऐरणीसमोर आणून बसवत. दोन्ही घोट्यांभोवती एकेक लोखंडी कडं, मध्ये अठरा दुव्यांची साखळी. कड्याची टोकं जुळवून त्यात तापवलेला खिळा ठोकून चेपला की काम झालं. बेडीला कुलूप नव्हतं, त्यामुळे किल्लीही नव्हती. उघडायची तर परत लोहारच लागायचा, छिन्नी घेऊन. हुकमावर मुदत कधी नसायची. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ असं लिहिलेलं असे, आणि पुढचा आदेश काढायची कोणाला आठवणच होत नसे.

बेडीतून सुटायला एकच फट होती. घोट्याला जखम होऊन ती चिघळली, तर डॉक्टरने चिठ्ठी द्यायची आणि बेडी उतरवायची, असा नियम होता. एकदा अशी उतरलेली बेडी त्याच शिक्षेसाठी पुन्हा चढवता येत नसे. हा नियम कोणी केला आणि का केला, देव जाणे. बहुतेक पाय कापायची भानगड नको म्हणून केला असावा.

वस्तादाचं बाकी सगळं काम चोख, पण बेडी तो अशी करायचा की बघवत नसे. लोखंड कापलं की कडेला जी धारदार कोर उभी राहते, ती तो कड्याच्या आतल्या बाजूला तशीच सोडून द्यायचा. लोहाराला ते सहन व्हायचं नाही. हा माणूस घरचा चमचासुद्धा उलटा करून बघायचा, कड नीट घासलीय की नाही म्हणून. स्वभावाने गरीब, पण कामात महाखडूस.

"वस्ताद, जरा कानस मारू का?" तो विचारायचा.

"नको."

"कातडी सोलेल हो त्याची."

"सोलू दे."

म्हातारा विडी पेटवायचा आणि दारातल्या पहारेकऱ्याकडे बघायचा. दीड-दोन महिन्यांनी तोच कैदी लंगडत, विव्हळत परत यायचा, डॉक्टरची चिठ्ठी हातात घेऊन. वस्ताद छिन्नीच्या दोन घावांत बेडी तोडायचा. त्या वेळी तो हटकून काहीतरी गुणगुणायचा. लोहाराला वाटायचं, काय दगडाच्या काळजाचा म्हातारा आहे, रक्त बघून याला गाणी सुचतात.

निवृत्तीच्या दिवशी वस्तादाने हत्यारं त्याच्या हवाली केली आणि दोन्ही हातांत त्याचा हात धरला. "कानस जरा हात राखून चालव," तो म्हणाला. दारात पहारेकरी होता. लोहाराने मान डोलावली आणि मनात म्हटलं, जाता जातासुद्धा कामचुकारपणाच शिकवून चाललाय. वर्षभरात म्हातारा वारला, त्यामुळे विचारायचं राहिलं ते राहिलंच.

मग नवीन साहेब आला. हा साहेब खरोखर भला माणूस होता. ही गोष्ट सांगताना त्याला वाईट ठरवलं की सगळं सोपं होतं, पण तसं नव्हतं. आल्या आल्या त्याने तिकाटी अंगणातून काढून अडगळीत टाकली. अंधारकोठडीच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली. कैद्यांना नंबराने नाही, नावाने हाक मारा, असा हुकूम काढला. पहारेकरी त्याला पाठीमागे ‘मावशी’ म्हणायचे. मावशीला ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

एकदा साहेब शेडमध्ये आला तेव्हा एका कैद्याची, वस्तादाने करून ठेवलेल्या कड्यांतली, बेडी तोडणं चाललं होतं. घोटा सुजून निळा पडला होता, कड्याखाली पू झाला होता. साहेबाचा चेहरा उतरला. "याला काही करता येणार नाही का?" त्याने विचारलं.

लोहार इतकी वर्षं याच प्रश्नाची वाट बघत होता. चार दिवस तो जेवायलाही धड घरी गेला नाही. कड्याची आतली बाजू त्याने हात फिरवला तर घसरेल इतकी गुळगुळीत केली. त्यावर मऊ कातड्याची पट्टी बसवली, टाके बाहेरच्या अंगाला घेतले, कडा दुमडून शिवल्या. सरसकट एका मापाची कडी त्याने बंद केली. प्रत्येक कैद्याच्या घोट्याभोवती मेणाचा हात फिरवलेला दोरा गुंडाळून बरोबर घेरावर गाठ मारायची आणि त्या गाठीवर कडं वळवायचं. दोऱ्याच्या टोकाला कातड्याचा तुकडा, त्यावर कैद्याचं नाव. बेडी बसल्यावर दोरा टाकून न देता तो पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. चांगल्या शिंप्याकडे गिऱ्हाइकांची मापं असतात, तशी आपल्याकडे असावीत, असं त्याला वाटायचं.

साहेबाने पहिली बेडी स्वतःच्या पायात घालून बघितली. खिळा न ठोकताच, अर्थात. शेडमध्ये दोन येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाला, "अरे, कळतसुद्धा नाही पायात काही आहे!"

लोहाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेबाने वरपर्यंत अहवाल पाठवला. बेडीचा नमुना अकरा तुरुंगांत गेला. लोहाराला प्रशस्तिपत्र मिळालं, आवारात नळ असलेल्या दोन खोल्या मिळाल्या, आणि त्या खोल्यांमुळे अडून बसलेलं लग्नही जमलं. पहारेकरी आणि कैदी दोघंही त्याला कानसदादा म्हणू लागले. त्याला ते नाव फार आवडायचं.

दुसऱ्या वर्षी त्याच्यासमोर एक विणकर आणून बसवला. सव्वीस-सत्तावीसचा, उंच, हडकुळा. दुसऱ्यांदा भिंतीवरून उडी मारताना धरला गेला होता. लोहार त्याच्या घोट्याला दोरा गुंडाळत होता, तेव्हा विणकर खाली वाकला आणि दारातल्या पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "दादा, मला जुनं कडं घाला ना."

"काय?"

"म्हाताऱ्या वस्तादांचं. आतून खरखरीत असायचं ते. एखादं पडलं असेल की कोपऱ्यात."

लोहार हसला. चांगला मोठ्याने हसला, आणि वर पहारेकऱ्याला म्हणाला, "ऐकलंस का? याला मऊ टोचतंय!" पहारेकरीही हसला.

विणकराचा चेहरा लाल झाला. "दादा, तुम्हाला कळत नाहीये," तो अगदी हळू म्हणाला.

"मला कळत नाही? अरे, तुझ्या घोट्याचा घेर तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे."

विणकराने दाराकडे पाहिलं. पहारेकरी आता कान देऊन ऐकत होता. विणकराने पाय पुढे केला. लोहाराला त्याची जरा कीव आली, म्हणून त्याने त्या दिवशी कातड्याचा एक थर जास्त दिला.

पुढे एकदा भट्टी थंड असताना लोहार हत्यारं साफ करायला बसला. घण, हातोडा, सांडशी, सगळं पुसून झालं आणि शेवटी छिन्नी हातात आली. छिन्नीला गंज चढला होता. आपल्या हत्याराला गंज म्हणजे तोंडात मारल्यासारखंच. ही शेवटची कधी वापरली होती, ते तो आठवू लागला. आठवता आठवता मागे मागे गेला, आणि दोन वर्षं आठ महिन्यांवर जाऊन थांबला. आधी दर महिन्याला दोन-तीन बेड्या तुटायच्या. दोन वर्षं आठ महिन्यांत एकही बेडी तुटली नव्हती. नुसत्या चढत होत्या.

तो तडक डॉक्टरकडे गेला.

"ये, ये कानसदादा!" डॉक्टर खूश होता. "तू माझं निम्मं काम कमी केलंस बघ. एकेकाचे घोटे कसे लोण्यासारखे आहेत."

"मग बेड्या कधी उतरायच्या?"

"उतरायच्या कशाला?" डॉक्टरला प्रश्नच कळला नाही. "जखम कुठे आहे?"

परत शेडमध्ये येईपर्यंत लोहाराला सगळं कळलं होतं. ती न घासलेली कोर म्हाताऱ्याने आळसाने सोडलेली नव्हती. ती त्याने मुद्दाम, मापाने सोडलेली होती. दोन महिने पाय सोलायचा आणि मग माणूस मोकळा. कैद्यांना ते ठाऊक होतं, त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते न कळलेला अख्ख्या तुरुंगात एकच जण होता, आणि त्याच्याच हातात कानस होती.

आता इथे लोहार सुटू शकला असता. चूक अजाणता झाली होती. साहेबाला जाऊन सांगायचं होतं, एवढंच. एके सकाळी तो गेलाही. साहेबाच्या खोलीत दुसऱ्या तुरुंगांतले दोन अधिकारी बसले होते आणि टेबलावर बेडी होती. "हाच तो!" साहेब उठून उभा राहिला, त्याने लोहाराच्या खांद्यावर हात ठेवला. पाहुण्यांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. लोहाराने हात जोडले, चारदा मान लववली आणि तो परत आला. उद्या सांगू, असं त्याने स्वतःला सांगितलं. उद्या साहेब दौऱ्यावर होता. मग बायकोला दिवस गेले. मग मुलगी झाली, आणि नळ असलेल्या दोन खोल्यांमध्ये तिचं रांगणं सुरू झालं. निदान नवीन कड्यांना गुपचूप कोर सोडावी, तर तेही त्याच्याच्याने झालं नाही. कोर दिसली असती, आणि कानसदादाच्या हातून कोर राहते कशी, असं कोणीतरी विचारलं असतं. त्याला भीती नोकरीची होती, असं तो पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावत राहिला. खरं म्हणजे त्याला ते नाव घालवायचं नव्हतं. एवढी हलकी गोष्ट होती ती, आणि तिच्यासाठी त्याने माणसांना साखळीत ठेवलं.

साडेचार वर्षं तो गप्प राहिला. शेवटी नवा कायदा आला आणि बेडी हा प्रकारच बंद झाला. साहेबाची तोवर बदली झाली होती. एकाच दिवशी एकतीस माणसं शेडबाहेर रांगेत उभी राहिली आणि लोहाराने एकतीस बेड्या तोडल्या. विणकर बाविसावा होता. सहा वर्षं आणि तीन महिने. कड्याखालचा घोटा लहान मुलाच्या घोट्यासारखा स्वच्छ निघाला. विणकर उठला आणि चालू लागला, तो अठरा दुव्यांच्या साखळीएवढंच पाऊल टाकत.

"अरे, मोकळा चाल आता," लोहार म्हणाला.

विणकराने वळून पाहिलं. "चालतोय की," तो म्हणाला.

मुलीने कागद वाचून दाखवला त्याच्या तिसऱ्या दिवशी लोहाराने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला आणि विणकरांच्या गल्लीत गेला. गाव काही मोठं नव्हतं. विणकर सुटल्यापासून त्याच गल्लीत राहतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तर इतकी वर्षं तो त्या गल्लीला वळसा घालून बाजारात जायचा. बायको असेपर्यंत विचारायची, एवढं लांबून कशाला जाता? पायांना व्यायाम, असं तो सांगायचा.

दार उघडंच होतं. पुढच्याच खोलीत माग होता आणि त्याचा खटखट आवाज गल्लीभर येत होता. विणकराच्या बायकोने आत हाक दिली, "अहो, कोणीतरी आलंय." आवाज थांबला. विणकर मागावरून उठला आणि दारापर्यंत आला. चार पावलांचं अंतर होतं. लोहाराने मोजली, नऊ झाली.

"रस्त्यात कुत्रं मागे लागलं तरी हे असेच चालतात," बायको कौतुकाने की वैतागाने म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

"ओळखलंस का?" लोहाराने विचारलं.

"कानसदादा," विणकर म्हणाला. "बसा."

लोहार बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. त्याने डबा उघडला, दोऱ्यांच्या गुंत्यातून एक दोरा सोडवला आणि पुढे केला. विणकराने कातड्यावरचं स्वतःचं नाव वाचलं. मग दोरा अंगठ्याने आणि बोटाने चोळून पाहिला. "सूत हलकं आहे," तो म्हणाला.

"तुझ्या घोट्याचं माप आहे."

"ते दिसतंय."

मग लोहाराने सगळं सांगितलं. संग्रहालय, मुलगी, तो कागद, ‘दयाळू’. छिन्नीचा गंज. डॉक्टर. साहेबाच्या खोलीतून जोडलेले हात घेऊन परत येणं. "मला कळलं होतं," तो म्हणाला. "आधी नव्हतं कळलं. पण मग कळलं, आणि तरी मी साडेचार वर्षं बोललो नाही."

विणकराने हे सगळं मान खाली घालून ऐकलं. त्याला नवीन वाटलं असेल तर ते शेवटचं वाक्यच असावं, कारण तेवढ्यापुरती त्याने मान वर केली. आतून पाण्याचा तांब्या आला. तो दोघांच्या मध्ये तसाच राहिला.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"त्याला वेळ लागेल," विणकर म्हणाला. तो चिडलेला नव्हता. कापड कधी मिळेल असं गिऱ्हाइकाने विचारावं आणि त्याने सांगावं, तसं त्याने सांगितलं. "दुसरं काय?"

"मुलीला सांगू का नको, ते विचारायला आलो. तिथे तुम्हा कैद्यांचंही येईल सगळं. तुझी ना असेल तर..."

"मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, दादा."

"हो."

"तुम्ही हसलात."

"हो."

"आणि त्या शिपायाला हसवलंत." विणकराने दोरा बोटाभोवती गुंडाळला, परत सोडला आणि डब्यात ठेवला. "माझं नाव नका लिहू तिथे. नातवंडं शाळेत जातात. दिवस लिहा. दोन हजार दोनशे एक्क्याऐंशी. आणि तुम्ही हसलात, ते लिहा."

एवढं बोलून तो उठला आणि तशीच आखूड पावलं टाकत परत मागावर जाऊन बसला. लोहार गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत खटखट पुन्हा सुरू झाली होती.

मुलगी शाळेतून येऊन चपला काढत होती, तेव्हाच लोहाराने सांगायला घेतलं. थांबलो तर पुन्हा उद्यावर जाईल, ही त्याला भीती. ती एक चप्पल पायात ठेवूनच दारात उभी राहिली. मधे एकदा म्हणाली, "पण बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं ना?" आणि लोहार म्हणाला, "पुढे ऐक."

सांगून झालं. ती एकदम म्हणाली, "मी चौथीत ‘माझे बाबा’ निबंध लिहिला होता. कानसदादाचा. सगळ्या शाळेसमोर वाचला होता. तुम्ही तिथे पहिल्या रांगेत बसला होतात."

"होतो."

"आणि टाळ्या वाजवल्यात!"

ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच मोठा. अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती डोळे पुसून आणि हातात कागद-पेन घेऊन. बापासमोर बसली आणि शाळेत शुद्धलेखन घालतात तशा आवाजात म्हणाली, "सांगा."

"समितीचे लोक?"

"समितीचं मी बघते. तुम्ही सांगा."

लोहाराने डबा पुढे ओढला. एकेक दोरा काढून तो दिवस सांगत गेला, ती लिहीत गेली. बेडी चढवल्याची आणि तोडल्याची तारीख त्याला प्रत्येकाची पाठ होती. दोन्ही त्याच्याच हातची होती. एकोणीस दोरे झाले तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि बोटं चोळली. मग परत उचललं.

शेवटी मूळचा कागद निघाला. "‘याच तुरुंगातल्या एका दयाळू लोहाराने’," तिने वाचलं आणि थांबली.

"‘दयाळू’ काढ," लोहार म्हणाला.

तिने तो शब्द काढला. बापाकडे मात्र पाहिलं नाही, आणि त्या दिवसानंतर आजतागायत ती त्याच्याशी जेवणखाण, औषध आणि हवा एवढ्यावरच बोलते. तिने त्याला टाकलेलं नाही. त्याचे मोजे अजून तीच धुते.

उद्घाटनाला गर्दी बरी होती. भाषणं झाली. पहिल्या रांगेतली खुर्ची लोहारासाठी राखून ठेवली होती, तिच्यावर तो बसला नाही. शेवटच्या खोलीत दाराशी चौकीदाराचा बाक होता, तिथे जाऊन बसला. चौकीदार नवीन होता, त्याला हा म्हातारा कोण ते माहीत नव्हतं. भिंतीवर खिळ्यांना एकतीस दोरे ओळीने टांगले होते, नावांचे कातडी तुकडे काढून, प्रत्येकाखाली एक आकडा. विणकर येईल असं लोहाराला वाटलं नव्हतं, आणि तो आलाही नाही.

लोक येत होते, तिकाटी बघून गप्प झालेले. एक मध्यम वयाची बाई बेडीपाशी थांबली. तिने कड्याच्या आत बोटं घातली आणि बरोबरच्या मैत्रिणीला म्हणाली, "अगं, हात लावून बघ. किती मऊ आहे!" मग तिने वरचा कागद वाचायला घेतला, अर्धवट मोठ्याने, बोटं कड्यातच ठेवून.

"‘याच तुरुंगातल्या एका लोहाराने ती तयार केली. जुन्या बेडीने जखम होत असे, म्हणून ती दोन महिन्यांत उतरे. या बेडीने जखम झाली नाही, म्हणून ती उतरली नाही. लोहाराला हे पुढे कळले. तो बोलला नाही. शेजारच्या दोऱ्यांवर एकतीस जणांच्या घोट्यांची मापे आहेत, आणि खाली त्यांनी बेडीत काढलेले दिवस. त्यांतल्या एकाने जुनी बेडी मागितली होती. लोहार हसला.’"

बाईने बोटं काढून घेतली. पदराला पुसली, पुसण्यासारखं त्यांना काही लागलं नव्हतं तरी. दोऱ्यांवरून तिची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग ती बाकाकडे वळली आणि तिने चौकीदाराला विचारलं, "हा लोहार आहे का हो अजून?"

चौकीदाराने खांदे उडवले.

लोहार गुडघ्यावर हात टेकून उठला. "आहे," तो म्हणाला. "मीच."